तांबड्या पोटाचं फुलपाखरू

"दार लाव आधी," आई म्हणाली. मी कडी घालेपर्यंत तिने दादाच्या खाटेखाली हात घातलाही होता.

हात बाहेर आला तो काचेची बरणी घेऊन. बरणी आमचीच, गेल्या वर्षीचं लोणचं संपल्यावर घासून फडताळात ठेवलेली. तोंडाला मलमलीचं फडकं बांधलेलं. आई ती अंगापासून लांब धरून खिडकीपाशी आली आणि मला जवळ बोलावलं. आत एका हिरव्या डहाळीवर करंगळीएवढे जाडे किडे होते. काळपट तांबडे, अंगभर लाल टोकांचे मऊ काटे. एक जण पानाच्या कडेने तोंड फिरवत पान कातरत होता, घरच्यासारखा निवांत.

"बघलंस?" आई कुजबुजली. "माणसां कोंबडी पाळतत, बकरी पाळतत. हिना किडे पाळल्यान. आणि तेय नवऱ्याच्या खाटीखाली."

"कशाक गो?"

"तांच तुका शोधूचा आसा. दिवसभर रिकामीच असतंस मा? तिच्यावर नजर ठेव. खंय जाता, काय तोडता, कोणाच्या ताटात काय घालता, सगळा माका येवन सांग. तिका कळता कामा नये."

मी रिकामीच होते हे खरं. बारावी झाली होती, कुडाळच्या कॉलेजात पाठवायला आबा तयार नव्हते, आणि स्थळं बघणं चालू होतं. अशा मुलीला घरात हेर नेमलं तर तिला बरंच वाटतं. मी मान डोलावली.

सुनेत्रावहिनी आमच्या घरात येऊन वर्षही झालं नव्हतं. उल्हासदादा सोसायटीत कारकून होता, कसल्याशा ट्रेनिंगसाठी सांगलीला गेला आणि येताना लग्न ठरवूनच आला. आईने आपल्या मनात वेगळीच मुलगी योजून ठेवली होती, आमच्या मामाच्या नात्यातली. त्यामुळे वहिनीने भात मऊ केला तरी चूक आणि मोकळा केला तरी चूक, असं चाललेलं. वहिनी वाद घालत नसे. ऐकून घ्यायची आणि काम उरकलं की मागच्या कुंपणाकडे निघून जायची. तिचे वडील कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवत, तिला झाडापानांचा नाद लहानपणापासूनच. पण आमच्या वाडीत बाईमाणूस कुंपणाकडे जातं ते शेणी लावायला नाहीतर शेजारणीशी भांडायला. नुसतं बघत उभं राहायला कोणी जात नाही.

त्यात त्या वेलीचं प्रकरण झालं. चतुर्थीच्या आधी पावसाने उघडीप दिली की आबा कोयता घेऊन कुंपण साफ करत. त्या वर्षी ते मागच्या कोपऱ्यात पोचले तेव्हा वहिनी लगबगीने गेली आणि म्हणाली, "आबा, एवढी वेल राहू दे ना." साधी रानवेल, लांबट पानांची, कुंपणावर आपली आपणच चढलेली. सून सासऱ्याला कोयता थांबवायला सांगते हे आमच्या घरात पहिल्यांदाच घडत होतं. आबा स्वभावाने मऊ, त्यांनी कोयता खाली घेतला. आईने मात्र ते मनात धरून ठेवलं.

आणि चतुर्थी झाली तसा दादा आजारी पडला. आधी नुसतं पोट दुखायचं. कुठेतरी बारशाला जेवला, तेव्हापासून आंबट ढेकर, एक-दोनदा उलटी. चार दिवसांत त्याला बरं वाटलं, तो कामावरही गेला. पण नंतर काय झालं कोण जाणे, त्याची भूक मेली, तोंडावर सूज यायला लागली, आणि सकाळी चपला पायात चढेनात. आई त्याच्या ताटाकडे बघायची, मग वहिनीच्या हाताकडे बघायची.

मी कामाला लागले. वहिनी दुपारी कुंपणाकडे गेली की मी फणसाच्या बुंध्याआड. असे एक-दोन दिवस गेले असतील. मग वहिनी पाठमोरीच म्हणाली, "कुंदा, लपायचंच तर निदान पिवळा परकर घालू नये माणसाने. ये इकडे, जवळून दिसेल."

मी गेले. पळून जाणं जास्त वाईट दिसलं असतं.

तिने एक पान उलटं करून दाखवलं. खाली मोहरीएवढं तांबूस अंडं. बाजूच्या काडीवर एक कोश, गुलाबीसर तपकिरी, पाठीवर वेडेवाकडे पंख्यासारखे कंगोरे फुटलेला, कमरेला एका धाग्याने काडीशी बांधलेला. आणि पिटकुळीच्या झुडपावर, त्या लाल फुलांच्या गुच्छांवर, ते फुलपाखरू.

तसली फुलपाखरं मी जन्मापासून बघत आले होते आणि तरी बघितली नव्हती. काळेभोर मोठे पंख, पुढच्यांवर पांढरा पट्टा, मागच्यांवर किरमिजी ठिपक्यांच्या ओळी, खाली शेपटी. पण सगळ्यात नजरेत भरायचं ते त्याचं पोट. लालभडक, ओल्या कुंकवासारखं. मध पिताना ते बसायचं नाही, पुढचे पंख थरथरवत फुलावर तरंगत राहायचं. आणि उडायचं तेही एवढं सावकाश की मनात आणलं तर हाताने धरता आलं असतं.

"एवढं भडक कशाला असतं हे?" मी विचारलं. "पाखरां खाणत नाय तेका?"

वहिनीशी बोलताना मी शहरी बोलायला जायचे आणि अर्ध्यावर पडायचे. ती कधी हसली नाही त्याला.

"भडक आहे म्हणूनच नाही खात. ही वेल विषारी आहे. अळी हिची पानं खाते, तिला काही होत नाही, पण ते विष तिच्या अंगात साठतं आणि फुलपाखरू झालं तरी राहतं. लाल रंग म्हणजे सांगणं आहे, माझ्या वाटेला जाऊ नका."

"खोटा."

"थांब थोडी."

ते मला लगेच बघायला मिळालं नाही, पण दोन-तीन दुपारींनी मिळालं. बुलबुलाचं एक नवखं पिल्लू, शेपटीही धड न आलेलं, पिटकुळीवर उतरलं आणि त्याने एक फुलपाखरू चोचीत धरलं. लगेच टाकलंही. मग चोच फांदीवर घासत बसलं, डावीकडून, उजवीकडून, पुन्हा डावीकडून. शेवटी मान लांब करून त्याने ओकारी काढली आणि पंख फुगवून कितीतरी वेळ मलूल बसून राहिलं. फुलपाखरू एका फाटक्या पंखाने उडून पलीकडच्या गुच्छावर गेलं.

"आता हे जन्मात पुन्हा वाटेला जाणार नाही," वहिनी म्हणाली. मग तिने आणखी एक दाखवलं. तसेच काळे पंख, तसेच लाल ठिपके. "हे दुसरंच आहे. याची अळी लिंबाची पानं खाते. याच्यात विष काडीचं नाही."

"मग वळखूचा कसा?"

"पोट बघ. याचं काळं आहे. पण पक्षी एवढं निरखत बसतात थोडेच. नुसत्या संशयावर त्यालाही सोडून देतात." ती हसली. "याचं बरं आहे. संशयाने वाचतं तरी."

ते हसणं मला आवडलं नाही. तिला सगळं कळत होतं, आईचं बघणं, माझं लपणं, बरणीची जागा बदललेली. तरी ती काही बोलत नव्हती, आणि न बोलणाऱ्या माणसाचा आपल्याला जास्तच संशय येतो.

संध्याकाळी आईने मला न्हाणीघराच्या मागे गाठलं.

"काय म्हणाली?"

"ती म्हणता, त्या किड्यांच्या अंगात विष असता. पाखरान खाल्ल्यान तर ओकता. मी बघलंय. आणि ता विष..."

आईने माझं पुढचं वाक्य ऐकलंच नाही. तिने कपाळावर हात मारला आणि तिथेच धुण्याच्या दगडावर बसली. "तिना स्वतः सांगल्यान? स्वतःच्या तोंडान?" ती दोनदोनदा तेच विचारत होती. मग उठली, पदर खोचला, आणि त्या दिवसापासून वहिनीला चुलीपाशी जायची बंदी झाली.

आता आमच्याकडच्या एका गोष्टीचं सांगायला हवं. पावसाळ्यापासून थंडीपर्यंत घरात सकाळी किरायत, म्हणजे काडेचिराईत, उकळतं. कडू जहर. प्रत्येकाला अर्धा पेला, नाक दाबून घ्यायचा, वर गुळाचा खडा. आमच्याकडे कोणी त्याला औषध म्हणत नाही. चहा तसं किरायत. आई सगळ्यांचे पेले भरायची आणि दादाचा त्याच्या खाटेशी नेऊन द्यायची. तो सगळं तिथेच संपवतो की नाही हे बघत उभी राहायची. मुलगा आजारी, त्याची आई उभी राहणारच, यात कोणाला काय दिसायचं.

दादाची सूज पोटऱ्यांपर्यंत चढली तेव्हा आबा त्याला एसटीने कुडाळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. परत आले ते चेहरा पाडूनच. ओटीवर बसून पाणी प्यायले आणि आईला सांगायला लागले.

"मूत्रपिंडाक सूज इली हा म्हणतत. गोळये दिलेहत. बरो नाय झालो तर गोव्याक मोठ्या हास्पिटलात व्हरूचो लागतलो." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "इचारीत होते, झाडपाल्याचा काय घेतास काय म्हणान. उल्हास म्हणालो, नाय."

"कोण घेता झाडपालो," आई म्हणाली आणि भांडी आवरायला आत गेली.

गोळ्या संपल्या. दादाचा चेहरा फुगून डोळे बारीक झाले होते. तो हाक मारायचा तीही वहिनीला, आणि वहिनी आत गेली की आई काहीतरी निमित्त काढून मागोमाग जायची. एकदा वहिनी त्याला ओल्या फडक्याने पुसत होती, तेव्हा आईने येऊन ते फडकं हुंगून बघितलं. वहिनीने ते तिच्या हातात दिलं आणि उठून बाहेर आली. त्या दिवशी मला तिची खरोखर दया आली, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. दादा मरेल असं घरात कोणी म्हणत नव्हतं. पण आबांनी त्याच्या नावाची विम्याची पावती कपाटातून काढून परत ठेवली, ते मी बघितलं होतं.

शेवटी आईने कौल लावायचं काढलं.

आमच्याकडे अडलं की देवाला विचारतात. रवळनाथाच्या काळ्या पाषाणावर गुरव पाण्याने फुलाच्या पाकळ्या चिकटवतो, काही उजव्या अंगाला, काही डाव्या. गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. त्यावर जमिनी सुटल्या आहेत आणि लग्नं मोडली आहेत. आबांनी आदल्या दिवशी ओटीवर सगळ्यांसमोर सांगितलं, "देवान घरातलो त्रास म्हणान सांगल्यान, तर सुनेक सांगलेक पोचवची. परत हाडूची नाय." दादा आत खाटेवर होता. तो "आबा" म्हणून ओरडायला गेला, पण त्याला खोकला आला.

सकाळी देवळात वाडीतली बरीच माणसं जमली. वहिनी खांबापाशी उभी होती, डोक्यावरून पदर घेतलेला. सोमा गुरवाने पिटकुळीच्या लाल पाकळ्या पाषाणावर लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे इली हत."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"ह्यांच्या झिलाक जो त्रास होता, तो भायरचो असात तर डावो दी. घरातलो असात तर उजवो दी. वडाची साल पिंपळाक लावू नको म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

पाकळ्या हलल्या नाहीत. गुरवाने पुन्हा पाणी शिंपडलं, पुन्हा गाऱ्हाणं घातलं. उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता. म्हातारी माणसं चुळबुळायला लागली. मला वाटायला लागलं की देव आज काही बोलणार नाही आणि आपण सगळे घरी जाऊ.

तेवढ्यात उघड्या सभामंडपातून ते आत आलं. काळे पंख, लाल पोट. सावकाश, कोणाची भीती नसल्यासारखं, माणसांच्या डोक्यांवरून तरंगत ते गाभाऱ्यात शिरलं आणि पाषाणावरच्या लाल पाकळ्यांपाशी थरथरत राहिलं. तांबडं फूल दिसलं की ते जाणारच, दुसरं काही नाही. त्याचा पंख लागला. एक पाकळी सुटली आणि उजव्या बाजूने खाली आली.

"उजवो दिल्यान," गुरव म्हणाला.

मागून कोणीतरी म्हणालं, "तिच्याच पाखरान साक्ष दिल्यान."

वहिनीने मान वर करून पाकळीकडे बघितलं, मग फुलपाखराकडे. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती फक्त फार दमल्यासारखी दिसली. आबांनी देवाला नमस्कार केला आणि पोस्टात जाऊन सांगलीला फोन लावला. वहिनीचा भाऊ रविवारी तिला न्यायला येणार असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर मी पावसानंतर पुन्हा अंगणात वाळत घातलेली आमसुलं उलटत होते. कुंपणाकडे खसखस ऐकू आली. मला वाटलं वहिनी असेल, शेवटचं बघायला गेली असेल. गेले तर आई. जमिनीवर उकिडवी बसून खुरप्याने वेलीच्या बुंध्याशी उकरत होती. हातात बोटाएवढं मूळ, माती लागलेलं. मला बघून ती दचकली, मग हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

"कोणाक सांगू नको हां," ती म्हणाली. "तुझ्या भावाक इतके दिस कोणी जगवल्यान म्हायती आसा? ह्या मुळान. माझी आजी फुरसा चावलेल्याक ह्याच उगाळून देय. ज्या वेलीवरचो किडो, त्याच वेलीचा मूळ तेका उतारो. ती तेका किडो घालता, मी मूळ घालतंय. चतुर्थीक पोट दुखला तेवाच माका संशय इलो, तेवापास्ना रोज किरायतात. तेका कळना पण नाय, कडवात कडू."

मला बुलबुलाचं ते पिल्लू आठवलं, चोच घासणारं. मग डॉक्टरांचा प्रश्न आठवला आणि आईचं भांडी आवरायला जाणं. ती खोटं बोलली नव्हती. किरायत म्हणजे झाडपाला हे आमच्या घरात कोणाच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं.

"आये," मी म्हटलं, "ती वेलच विषारी आसा. किडो ह्याच वेलीचा विष खाता. मी तुका तांच सांगी होतंय, तू ऐकलंस नाय."

आईने मूळ पदरात बांधलं. "तुकाव वश केल्यान तिना," ती म्हणाली. "रविवारपर्यंत थांब. ती गेली काय सगळा बरा होतला."

रविवारी वहिनी गेली असती. मूळ राहिलं असतं. दादा मात्र राहिला नसता, हे मला तेव्हा त्या कुंपणापाशी लख्ख कळलं आणि मी आत धावले.

वहिनी खोलीत ट्रंक भरत होती. दादा झोपला होता. मी तिला मागच्या पडवीत ओढून नेलं आणि सगळं सांगितलं. ती ऐकत गेली. मध्ये एकदाच विचारलं, "कधीपासून?"

"चतुर्थी झाल्यापास्ना."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडेल असं मला वाटलं, पण हात काढले तेव्हा तिचे डोळे कोरडे होते. ती संतापली होती. मी तिला तसं आधी कधी बघितलं नव्हतं.

"मी विष घालते म्हणून मला हाकलतायत," ती म्हणाली. "मी त्याच्या ताटालाही हात लावला नाही इतके दिवस."

"आबांका सांगूया. आत्ताच्या आत्ता. मी सांगतंय, माझ्यासमोर ती बोलली."

वहिनीने कुंपणाकडे बघितलं. पडवीतून ते सरळ दिसतं, आणि त्याच्या अलीकडे विहीर.

"आबा विश्वास ठेवतील?" तिने विचारलं. "समजा ठेवला. मग गावाला कळेल. तुझ्या दादाला कळेल की रोज कोणाच्या हातून तो काय पीत होता. आणि आईंना कळलं, खरोखर पटलं, तर? कुंदा, विहीर किती लांब आहे त्या कुंपणापासून?"

आई दादाच्या बाबतीत किती वेडी आहे ते मला ठाऊक होतं.

"डॉक्टरांना मी सांगेन, एकटीच जाऊन," वहिनी म्हणाली. "औषध नीट द्यायचं तर त्यांना कळायला हवं. घरात कोणाला नाही. तूही नाही."

ती न्हाणीघरात गेली आणि आबांचा कोयता घेऊन आली. भर दुपारची वेळ, शेजारचे सगळे ओटीवर. तिने पदर कमरेला बांधला आणि ती वेल बुंध्यापासून तोडली. मग कुदळ घेऊन मुळं उकरली, सगळी, केसाएवढी बारीकसुद्धा, आणि ढीग करून त्यावर चुलीतले निखारे ओतले. शेजारच्या बाया कुंपणाला टेकून बघत होत्या. आबा ओटीवरून उठून आले. आई मागच्या दारात उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला धरून.

मी टोपली घेऊन तोडलेल्या डहाळ्यांवरचे किडे वेचत होते. वहिनीने एकदाही त्यांच्याकडे बघितलं नाही. ती नुसती उकरत होती. तिचे तळहात सोलले होते. मी ती टोपली गावाबाहेरच्या कातळाच्या सड्यावर नेली, जिथे तशी वेल करवंदीच्या जाळीत असते, आणि पानांवर सोडून आले. जगले की नाही देव जाणे.

मी परत आले तेव्हा वहिनी आबांच्या पायाशी वाकली होती.

"चूक झाली आबा," ती म्हणाली. "मला ठेवून घ्या."

त्या दिवशी संध्याकाळच्या आत अख्ख्या वाडीला कळलं की उल्हासच्या बायकोने आपणहून कबूल केलं. आबांनी विचार करून सांगितलं की देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालावं, मग राहावं. ती देवळात गेली. गुरवाने म्हटलं तसं तिने म्हटलं, "चुकले म्हाराजा," सगळ्यांसमोर, स्पष्ट आवाजात. मी तिच्या शेजारी उभी होते आणि माझी जीभ दाताखाली धरून ठेवली होती, कारण सोडली असती तर मी ओरडले असते. रविवारी तिचा भाऊ आला, जेवला, बहिणीशी परसात थोडं बोलला आणि लाल डोळ्यांनी एकटाच परत गेला.

आईच्या पदरातलं मूळ मी त्याच रात्री काढून चुलीत टाकलं होतं, आणि वहिनी कुडाळला जाऊन डॉक्टरांना सांगून आली. दादाची सूज हळूहळू उतरली. दिवाळीपर्यंत तो पेज सोडून भात खायला लागला, शिमग्याला कामावर गेला. मीठ मात्र त्याला आजही जपून खावं लागतं. आई येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायची, "रवळनाथाचो कौल खरो. त्रास घरातलोच होतो." वहिनी तिथेच भांडी घासत असायची.

कौल खरा होता, त्यात वादच नाही.

आईने वहिनीला पुन्हा चुलीपाशी जाऊ दिलं, पण एक नियम घातला. वहिनीच्या हातचं काहीही असो, आमटी असो की चहा, आधी वहिनीने एक घोट घ्यायचा, मग आईने. सणाला, पाहुण्यांसमोर, मुलं झाल्यावर मुलांसमोरसुद्धा. वहिनीला त्याची इतकी सवय झाली की मी माहेरपणाला आले तरी ती माझ्या चहाचा घोट घेऊन मग कप पुढे करायची आणि तिचं तिलाच हसू यायचं.

आबा गेले. माझी मुलं मोठी झाली. गेल्या पावसाळ्यानंतर आईच्या पोटात दुखायला लागलं, विशेष नाही, म्हातारपणचं. मी भेटायला गेले होते. आई खाटेवर पडून होती, तीच खाट. तिने आम्हा दोघींना जवळ बोलावलं.

"सुनेत्रा," ती म्हणाली, "कुंपणावर ती वेल होती, तुझी. ती सड्यावर मिळता काय बघ. तेचा मूळ हाड माका."

वहिनी शांतपणे म्हणाली, "कशाला आई?"

"तुका म्हायत नाय." आईच्या चेहऱ्यावर लहान मुलीसारखा आनंद होता, गुपित फोडण्याचा. "उल्हासाक मी तेणाच बरो केलंय. गुपचूप, किरायतातून. तू उपटलंस म्हणान, नायतर अजून लवकर बरो झालो असतो." मग तिने वहिनीचा हात धरला. तळहातावर कुदळीचे ते जुने वण अजून आहेत. "तू तेवा केलंस तां केलंस. पोरपण होता तुझा. मी तुका कधीच माफ केलंय."

मी वहिनीकडे बघितलं नाही. मला बघवलं नसतं.

"बरं झालं आई," वहिनी म्हणाली. "आणते मी."

ती स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले. तिने डब्यातून किरायताच्या काड्या काढल्या, नुसत्या किरायताच्या, पाण्यात टाकल्या आणि उकळी येईपर्यंत कट्ट्याला टेकून उभी राहिली. पेला घेऊन ती खाटेशी आली आणि सवयीने आधी आपल्या तोंडाला लावायला गेली.

आईने तिचं मनगट धरलं. "ऱ्हवांदे," ती म्हणाली. "तू कशाक उगाच कडू पितंस."

आणि तिने वहिनीच्या हातून पेला घेतला, एका दमात प्याली आणि तोंड वाकडं करून समाधानाने मान डोलावली. "हीच ती चव," ती म्हणाली. "बरा वाटतला आता."

वहिनीने तिला गुळाचा खडा दिला, पेल्याच्या तळाशी उरलेलं चमचाभर किरायत स्वतः पिऊन टाकलं आणि पेला घासायला मागच्या दारी गेली.